वेल्स, वालोनिया, वलाखिया आणि अक्रोड : परक्याने ठेवलेलं नाव टाकून द्यावं का?

माळरान (धागाकर्ता)

वेल्समधल्या दोन मोठ्या राष्ट्रीय उद्यानांनी आपली इंग्रजी नावं बाजूला ठेवली. २०२२ मध्ये स्नोडोनियाने 'एररी' हे नाव धरलं, २०२३ मध्ये ब्रेकन बीकन्सने 'बानाय ब्रखेनियॉग'. आता मागणी देशाच्याच नावापर्यंत पोचली आहे : वेल्स नको, 'कम्री' म्हणा. या मागणीला माझा विरोध नाही. तिच्यासाठी जे कारण हमखास पुढे केलं जातं, त्याला आहे. कारण असं देतात की 'वेल्श' म्हणजे मुळात 'परका', लोकांना त्यांच्याच भूमीत परकं ठरवणारा शब्द, तेव्हा तो टाकलाच पाहिजे.

शब्दाचा उगम हे तो टाकण्याचं कारण होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याला पुरावा म्हणून मी हाच शब्द पुढे करतो.

सीझरने आपल्या गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) मोहिमेच्या वृत्तांतात 'वोल्काय' नावाच्या केल्ट लोकांचा उल्लेख केला आहे. त्यांची एक शाखा आजच्या तुलूझच्या आसपास होती, दुसरी मध्य युरोपातल्या हर्सिनियन अरण्यालगत. या दुसऱ्या शाखेचे शेजारी जर्मानिक, म्हणजे आजच्या जर्मन, डच, इंग्रजीच्या पूर्वज बोली, बोलणारे. त्यांनी शेजाऱ्यांचं नाव आपल्या उच्चारात घोळवलं आणि त्याचं 'वाल्ह' झालं. पुढे हे एका जमातीचं नाव राहिलं नाही, सगळे केल्ट 'वाल्ह' झाले. मग रोमन सत्तेखाली गॉलमधले केल्ट लॅटिन बोलू लागले, तसे लॅटिन बोलणारेही 'वाल्ह'.

इथून वाटा फुटतात. अँग्लो-सॅक्सन ब्रिटनमध्ये आले, तिथल्या केल्ट बोली बोलणाऱ्या ब्रिटन लोकांना 'वेआल्ह' म्हणू लागले. त्याचं अनेकवचन म्हणजे वेल्स. कॉर्नवॉलमधला 'वॉल' तोच. डच बोलणाऱ्यांनी दक्षिणेकडच्या फ्रेंचभाषक शेजाऱ्यांना तेच नाव दिलं, म्हणून बेल्जियमचा तो भाग वालोनिया. जुन्या नॉर्स भाषेत 'वालंड' म्हणजे फ्रान्स. गंमत खुद्द फ्रेंचमध्ये आहे : गॉलसाठीचा फ्रेंच शब्द 'गोल' हा लॅटिन 'गालिया'वरून आलेला नाही. तसा आला असता तर फ्रेंचच्या नियमांप्रमाणे सुरुवातीचा 'ग' बदलून 'ज'सारखा झाला असता. तो फ्रँक लोकांच्या 'वाल्ह'वरून आला आहे. म्हणजे फ्रेंच माणूस ज्यांना अभिमानाने पूर्वज म्हणतो, त्यांचं नाव घेताना जर्मनांचा शब्द वापरतो.

पूर्वेला स्लाव लोकांनी हाच शब्द जर्मानिकांकडून उचलला. पोलिशमध्ये 'व्वोखी' म्हणजे इटली. बाल्कनमध्ये 'व्लाख' म्हणजे रोमेनियनसारख्या बोली बोलणारे डोंगरी लोक, आणि त्यावरून वलाखिया हे आजच्या रोमेनियातलं अख्खं संस्थान. हंगेरियनने तो दोनदा घेतला : 'ओलास' म्हणजे इटालियन, 'ओलाह' म्हणजे रोमेनियन. ग्रीकमध्ये 'व्लाखोस' म्हणजे मेंढपाळ आणि गावंढळ माणूससुद्धा. चेकियाच्या पूर्व टोकाला वालाश्स्को नावाचा प्रदेश आहे. कार्पेथियन डोंगरांच्या कडेकडेने मेंढरं घेऊन आलेल्या धनगरांनी तिथे वस्ती केली; आजचे तिथले लोक चेक बोलतात, पण 'वालाख' म्हणवून घेण्यात त्यांना भूषण वाटतं. आपल्या लाकडी घरांचं आणि लोकजीवनाचं संग्रहालय त्यांनी १९२५ पासून रोझनोव्हला जपलं आहे.

एकाच बीजातून कुठे देश, कुठे धंदा, कुठे शिवी, कुठे अभिमान. उगमातच अपमान भरलेला असता तर तो सगळीकडे सारखा उतरला असता. तसं झालेलं नाही. वालोनियाचं तर लोकांनी सोनं केलं. १८८६ मध्ये लिएजमध्ये आल्बेर मोकेलने आपल्या साहित्यिक मासिकाला 'ला वालोनी' हेच नाव दिलं आणि ते नाव एका प्रदेशाची ओळख म्हणून रुजायला मदत झाली. त्यांना कुणी सांगितलं नाही की हा डचांनी दिलेला शब्द आहे, सोडा.

तळकोकण

माळरान, माहिती छान आहे, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. तुम्ही शब्दाचा प्रवास दाखवलात, त्या प्रवासातली माणसं मात्र वगळलीत.

वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा इनी (कारकीर्द ६८८ ते ७२६) याच्या कायद्यात माणसाच्या जिवाची किंमत ठरवून दिलेली आहे, म्हणजे खून झाला तर नातेवाइकांना किती भरपाई द्यायची ते. सामान्य स्वतंत्र इंग्रजाची किंमत २०० शिलिंग. खंड भरणाऱ्या 'वेआल्ह'ची १२०. पाच हाइड (जमिनीचं जुनं माप) जमीन बाळगणाऱ्या वेल्शची ६००, आणि इंग्रज सरदाराची १२००. त्या काळच्या इंग्रजीत 'वेआल्ह' याचा अर्थ 'ब्रिटन' जसा होता तसा 'गुलाम' असाही होत गेला. ही व्युत्पत्तीची गंमत नाही. माणसांना कायद्यानेच खालचं ठरवलं आणि त्याचा शिक्का शब्दावर बसला.

खाडीपलीकडे फ्रँकांचं तेच. त्यांच्या सालिक कायद्यात स्वतंत्र फ्रँकच्या खुनाला २०० सोलिडस दंड, जमीनदार रोमनच्या खुनाला १००. आणि त्या कलमाला जोडलेल्या फ्रँकिश टिपणात त्या रोमनासाठी शब्द कोणता येतो? 'वाला'. दोन वेगळे कायदे, आणि दोन्हीकडे या शब्दाचा माणूस कमी किमतीचा.

बरं, हे सगळं तेराशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्या. इंग्रजीत 'वेल्श करणं' म्हणजे पैज हरल्यावर पैसे बुडवून पळणं. घोड्यांच्या शर्यतींच्या बाजारात एकोणिसाव्या शतकात रुळलेला वाक्प्रचार, अजून ऐकू येतो. वेल्समधली माणसं तो ऐकतात. कम्री हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'एकाच मुलखातले' असा अर्थ आहे. एका बाजूला 'आपल्या मुलखातले', दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याने चिकटवलेली चिठ्ठी. यात निवड करायला एवढा विचार कशाला लागतो?

भाषाभ्रमर

दोघेही 'परका' हा अर्थ गृहीत धरून चालला आहात. तोच मला मान्य नाही.

या शब्दाचा अर्थ नुसता 'परका' असता तर जर्मानिक लोकांनी तो सगळ्या परक्यांना लावला असता. त्यांच्या पूर्वेला स्लाव होते, उत्तरेला फिन होते. त्यांना कधी 'वाल्ह' म्हटलेलं नाही. हा शब्द फक्त केल्ट आणि लॅटिन बोलणाऱ्यांना लागला. १९५५ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात टॉल्किनने हाच मुद्दा मांडला होता, आणि तो कादंबरीकार म्हणून नव्हे, इंग्रजी भाषेचा प्राध्यापक म्हणून बोलत होता. रोमन साम्राज्याच्या छायेतली, एका विशिष्ट तऱ्हेची भाषा बोलणारी माणसं, असा तो नेमका शब्द होता.

खरं तर 'परका' हे भाषांतर नवं नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवलं आहे की सॅक्सन लोक आपल्या भाषेत परक्याला असं म्हणतात आणि आपलं नाव त्यावरून पडलं. म्हणजे हा सल आठशे वर्षांचा आहे. सल खरा आहे हे मला मान्य. पण तो अर्थ नंतर चढलेला आहे.

शब्द किती जुना असेल याचाही अंदाज बांधता येतो. १८२२ मध्ये याकोब ग्रिमने मांडलेल्या नियमाप्रमाणे जुना 'क' जर्मानिकमध्ये 'ह' होतो. वोल्कायमधल्या 'क'चा वाल्हमध्ये 'ह' झाला आहे, म्हणजे तो बदल घडण्याआधीच शब्द जर्मानिकांच्या तोंडी बसलेला होता. सीझर गॉलमध्ये उतरला तेव्हा हा शब्द नवा नव्हता.

प्रश्नचिन्ह

आपला 'म्लेच्छ' आणि यांचा 'वेल्श' एकच आहेत असं वाचलं होतं. अर्थ तोच, आवाजही जवळचा. यावर कुणी काही लिहिलं नाही याचं नवल वाटलं. आणि दुसरं, आपण बॉम्बेचं मुंबई केलंच ना? मग वेल्सच्या लोकांनी केलं तर चुकलं काय?

भाषाभ्रमर

प्रश्नचिन्ह, म्लेच्छ आणि वेल्श यांचा संबंध नाही. वेल्शमधला 'श' हा बराच नंतरचा, तो विशेषण करणारा प्रत्यय आहे, इंग्लिश किंवा डॅनिशमधला तोच. तो काढला की उरतं 'वाल्ह', आणि त्याच्या मागे 'वोल्क'. म्लेच्छचं पाली रूप 'मिलक्ख'. सुरुवातीचा 'म' जर्मानिकमध्ये 'व' होत नाही : 'मातृ'चं 'मदर' होतं, 'वदर' नाही. दोन शब्द आज सारखे ऐकू येतात यावरून नातं ठरवायला लागलो तर काहीही कशालाही जोडता येईल.

तळकोकण

मुंबईचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. १९९५ मध्ये मराठीत काही बदललं नाही. मराठीत आणि गुजरातीत मुंबई होतीच. बदललं ते इंग्रजीतलं अधिकृत नाव. कम्रीचंही अगदी तसंच आहे. वेल्श भाषेत ते नाव शतकानुशतकं आहे, फक्त इंग्रजीत लिहिताना तेच वापरा एवढंच म्हणणं आहे. नवं नाव कुणी शोधून काढत नाही.

ओवी

मी झुरिकमध्ये राहते, म्हणून या शब्दाची रोजची बाजू सांगते.

इथले जर्मनभाषक स्विस लोक देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागाला सरळ 'वेल्शश्वाइत्स' म्हणतात आणि तिथल्या माणसांना 'वेल्श'. वर्तमानपत्रात, रेडिओवर, ऑफिसात. कुणी आवाज खाली करत नाही. माझी एक फ्रेंचभाषक सहकारी जर्मन बोलताना स्वतःबद्दल हाच शब्द वापरते. जुन्या पिढीतल्या बायका 'वेल्शलांड'मधल्या वर्षाबद्दल फार मायेने बोलतात. शाळा संपली की जर्मनभाषक मुलींनी वर्षभर फ्रेंच भागातल्या एखाद्या घरी राहायचं, मुलं सांभाळायची, स्वयंपाकात मदत करायची आणि फ्रेंच शिकायची अशी रीत होती. त्यांच्या बोलण्यात या शब्दाला घराचा वास आहे.

आता इथून पूर्वेला जा, आल्प्समध्येच, दक्षिण टिरोलला. भाषा जर्मनच, शब्द तोच, उच्चारात 'वाल्श'. तिथे तो इटालियन माणसाला तोंडावर म्हणाल तर भांडण होईल. पहिल्या महायुद्धानंतर हा ऑस्ट्रियाचा भाग इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, एत्तोरे तोलोमेई नावाच्या माणसाने तयार केलेल्या याद्यांप्रमाणे गावागावांची, डोंगरांची, ओढ्यांची नावं इटालियन करण्यात आली. लोकांनी तो राग या जुन्या शब्दात ओतला. स्वित्झर्लंडमध्ये हे घडलं नाही, म्हणून इथे शब्द साधा राहिला.

जर्मनीत आणखी वेगळं. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादी लिखाणात 'वेल्श' हे विशेषण फ्रेंचांच्या कावेबाजपणाला, नखऱ्याला लावलेलं असतं. आणि 'काउडरवेल्श' म्हणजे काहीच न कळणारी बडबड. त्याचं मूळ बहुधा स्वित्झर्लंडमधल्या खूर शहराच्या आसपासची, लॅटिनमधून निघालेली रोमान्श बोली. डचमध्ये त्याचंच 'कूटरवाल्स' झालं. आज रोमान्श ही या देशाच्या राष्ट्रभाषांपैकी एक आहे आणि 'काउडरवेल्श' म्हणताना खूर कुणाच्या मनातही येत नाही.

मला वाटतं माळरान यांचं बरोबर आहे. डंख शब्दाच्या जन्मात नसतो.

तळकोकण

ओवीताई, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! डंख राजकारणातून येतो, हे मलाही मान्य. मग तो आहे की नाही हे कोण ठरवणार? ज्याला डसतो तोच ना? झुरिकमधल्या तुमच्या सहकारीला डसत नाही, तिने खुशाल वापरावा. दक्षिण टिरोलच्या बोल्त्सानोमधल्या इटालियन माणसाला डसतो, तर तिथे तो वापरू नये. वेल्समधले लोक म्हणतात आम्हाला नको, तर विषय संपला. माळरान व्युत्पत्तीचं कारण खोडून काढण्यात सगळी शक्ती घालवताहेत, पण ते कारण लोकांच्या तोंडी येतं ते मागचा अनुभव एका वाक्यात सांगता यावा म्हणून.

माळरान

तळकोकण, इथेच अडचण आहे. अनुभव एका वाक्यात सांगायला सोपं पडतं म्हणून चुकीचं कारण दिलं की ते कारण स्वतःच्या पायाने चालायला लागतं. उद्या कुणी वालोनियाच्या माणसाला सांगेल, तुझं नाव शिवी आहे, तुला कळत कसं नाही? बाल्कनमध्ये हे घडतंच. उत्तर ग्रीस आणि उत्तर मॅसेडोनियाच्या सीमेवर, थेसालोनिकीच्या वायव्येला मेग्लेनो-रोमेनियन म्हणून ओळखली जाणारी मोजकी गावं आहेत. शेजारचे आरोमानियन स्वतःला 'आर्मिन' म्हणतात, म्हणजे रोमनच. पण मेग्लेनवाले स्वतःच्या बोलीत स्वतःला 'व्लाश' म्हणतात. बाहेरच्यांनी दिलेलं नाव त्यांनी घरात घेतलं, स्वतःचं जुनं नाव राहिलं नाही. आता त्यांना जाऊन कुणी सांगायचं की तुमचं खरं नाव दुसरंच आहे? कोणत्या अधिकाराने?

आणि स्वतःचं नाव शुद्ध असतं, परक्याचं डागाळलेलं, ही समजूतही टिकत नाही. वलाखिया हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. तिथले लोक आपल्या देशाला 'त्सारा रोमिनेआस्का' म्हणत, रोमेनियन भूमी. नाव अभिमानाचं, थेट रोमशी नातं सांगणारं. पण त्याच देशात 'रुमिन' या शब्दाचा अर्थ झाला जमिनीला बांधलेला वेठबिगार कुळवाडी. बोयार सरदारांच्या कागदपत्रांत 'रुमिन' विकले जातात, जमिनीबरोबर. १७४६ मध्ये कॉन्स्टँटिन माव्रोकोर्दात या राजाने ही वेठ रद्द केली. म्हणजे तुम्ही सांगितलेलं 'वेआल्ह'चं जे झालं, गुलाम असा अर्थ, तेच इथे घरच्या नावाचं झालं, घरच्यांच्या हातून. तरीही रोमेनियन लोकांनी ते नाव टाकलं नाही. एका स्वराच्या फरकाने 'रोमिन' राष्ट्राचं नाव झालं.

उलट ट्रान्सिल्वानियात बघा. १७९१ मध्ये तिथल्या रोमेनियन पुढाऱ्यांनी सम्राट लिओपोल्ड दुसरा याच्याकडे समान हक्कांसाठी अर्ज केला. इतर तीन मान्यताप्राप्त 'राष्ट्रां'सारखं आम्हालाही मोजा, ही मागणी. लॅटिनमधल्या त्या अर्जात ते स्वतःला काय म्हणतात? 'वलाख राष्ट्र'. शेजाऱ्याने दिलेल्या नावावर त्यांनी हक्क मागितले.

सांजपक्षी

माळरान यांच्या शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडचा दाखला आहे, तोही सह्याद्रीतल्या दगडावर कोरलेला.

'यवन' हा शब्द मुळात एजियन समुद्राकाठच्या आयोनियाचा. इराण्यांनी 'यौन' म्हणून सगळ्या ग्रीकांना लावला, आपल्याकडे 'यवन' झाला. एका जमातीचं नाव अख्ख्या लोकांना, हे वोल्काय आणि वाल्हसारखंच. आता कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या खांबांवर दानाचे लेख आहेत, त्यांत 'धेनुकाकटाच्या यवना'ने दिलेला खांब असे अनेक. दाता स्वतःच्या नावापुढे 'यवन' लावतो, बुद्धाच्या देवळात, कायमचं राहील अशा दगडावर. साधारण शतकभराच्या आत नाशिकच्या लेण्यात बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन कोरून घेते : 'सक-यवन-पल्हव-निसूदन', शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा. तोच शब्द. एका डोंगरात दात्याची ओळख, दुसऱ्या डोंगरात मारायचा शत्रू. पुढे बखरींमध्ये हाच शब्द मुसलमानांना लागला, आयोनियाशी त्याचा काही संबंध उरला नाही.

'फिरंगी'चंही तसंच. फ्रँक या जर्मानिक टोळीचं नाव अरबी-फारसीतून आपल्याकडे आलं आणि पोर्तुगिजांना चिकटलं. युरोपी पात्याची सरळ तलवार 'फिरंग' झाली. तलवारीचं कौतुक आणि माणसाची भीती, दोन्ही एकाच शब्दात.

तळकोकण

सांजपक्षी, कार्ल्याचं उदाहरण सुंदर आहे, पण ते दाते कोण होते ते बघा. अख्खा खांब दान करण्याएवढा पैसा असलेली माणसं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं इथलीच वाटतात. अशा माणसाला 'यवन' हे बिरुद मिरवता येतं. त्याला ते लपवायचं नसतं. ज्याच्याजवळ काही नाही त्याला तेच नाव टोचतं. क्रोएशियाच्या किनारपट्टीवर, दाल्मेशियात, बेटांवरचे लोक डोंगरापलीकडच्या गरीब शेतकऱ्यांना 'व्लाय' म्हणून हिणवतात. बोस्नियात मुसलमान शेजारी ख्रिश्चनांना 'व्लाह' म्हणत. क्रोएशियात ती सर्बांसाठी शिवी झाली. त्यांतल्या एकाही माणसाला मोकेलसारखं मासिक काढून त्या शब्दाचं सोनं करता आलं नाही. वालोनियाला ते जमलं कारण तेव्हा बेल्जियमचा कोळसा आणि लोखंड तिथे होतं, देशाची सत्ता फ्रेंच बोलत होती. जो वरचढ आहे त्याला दुसऱ्याने दिलेलं नावही शोभून दिसतं. माळरान यांनी यशस्वी उदाहरणं मोजली आहेत.

रोहिणी_न

इतक्या गंभीर चर्चेत थोडं अवांतर, पण या शब्दाची सगळ्यात शांत वाट अक्रोडातून गेली आहे, ती राहून जाऊ नये.

इंग्रजी 'वॉलनट' म्हणजे 'वाल्ह लोकांचं फळ'. जर्मन 'वालनुस', डच 'वालनोट', स्वीडिश 'वालन्योट', सगळे तेच. रोमन मुलखातून, आल्प्सपलीकडून आलेलं, घरच्या हेझलनटपेक्षा वेगळं कवचफळ. पोलिशमध्ये त्याला 'ओझेख व्वोस्की' म्हणतात, शब्दशः इटालियन कवचफळ. चेकमध्ये 'व्लाश्स्की ओर्झेख', युक्रेनियनमध्ये 'वोलोस्की होरिख'. युक्रेनियनमध्ये 'वोलोख' म्हणजे रोमेनियन, पोलिशमध्ये 'व्वोख' म्हणजे इटालियन, तरी बाजारातला अक्रोड तोच.

पोलंडच्या भाजीबाजारात 'व्वोश्चिझ्ना' नावाची जुडी मिळते. गाजर, पार्सलीचं मूळ, सेलरीचा कंद, लीक, कधी कोबीचं पान, दोऱ्याने बांधलेलं. सूपाचा पाया त्यावर होतो. शब्दाचा अर्थ 'इटालियन सामान'. १५१८ मध्ये मिलानच्या घराण्यातली बोना स्फोर्झा पोलंडची राणी होऊन आली, तिने या भाज्या आणल्या अशी तिकडे समजूत आहे.

आणि द्राक्ष. मध्य युरोपात पांढऱ्या वाइनसाठी एक जात सगळीकडे लावतात. ऑस्ट्रियात बाटलीवर 'वेल्शरीसलिंग', हंगेरीत 'ओलासरिझलिंग', स्लोव्हेनियात 'लाश्की रिझलिंग', चेकियात 'रिझलिंक व्लाश्स्की'. सगळ्यांचा अर्थ 'वाल्ह लोकांचं रीसलिंग', हंगेरियनमध्ये तर सरळ 'इटालियन रीसलिंग'. ऱ्हाइन नदीकाठच्या रीसलिंगशी या जातीचं नातं नाहीच. क्रोएशियात मात्र तीच वाइन 'ग्राशेविना' नावाने विकतात आणि तिथे ती घरची समजली जाते.

प्रश्नचिन्ह

रोहिणी, अक्रोड वाचून पोलंडबद्दल प्रश्न पडला. इटालियन लोकांनी कधी 'आमच्या देशाला व्वोखी म्हणू नका' असं पोलंडला सांगितलं नाही का? तुर्कस्ताननेही २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून आपलं नाव 'त्युर्किये' करून घेतलं. मग हाच नियम सगळ्यांना का नाही?

माळरान

इटालियन लोकांना त्याची कधी गरज वाटली नसावी. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. वेल्श भाषेत इंग्रजांना 'साइसॉन' म्हणतात, सॅक्सन. दीड हजार वर्षांपूर्वी आलेल्या टोळ्यांपैकी एकीचं नाव आजच्या सगळ्या इंग्रजांना. स्लाव भाषांत जर्मन माणूस म्हणजे 'न्येमेत्स', मुळात 'मुका', ज्याची बोली कळत नाही तो. तोच शब्द तुर्कांमार्फत अरबीत गेला आणि आज अरबीत ऑस्ट्रियाला 'नम्सा' म्हणतात. ऑस्ट्रियाने कधी तक्रार केलेली ऐकिवात नाही. माझं म्हणणं पुन्हा एवढंच : तुर्कस्तानने मागितलं, तसं वेल्सनेही मागावं, 'आम्हाला आमचं नाव हवं' म्हणून. मी पहिल्या दिवसापासून कम्री लिहीन. पण 'शब्दाचं मूळ वाईट' हे कारण दिलंत तर अर्ध्या युरोपातले देश, आडनावं आणि अक्रोड त्याच पिंजऱ्यात उभे करावे लागतील.

तळकोकण

मग हंगेरियनकडे पुन्हा बघा, तुम्हीच सुरुवातीला सांगितलेलं. 'ओलास' आणि 'ओलाह', एकाच शब्दाची दोन रूपं, एकाच भाषेत. 'ओलास' आजही शिष्ट शब्द आहे, इटलीला अधिकृतपणे 'ओलासोर्साग' म्हणतात. 'ओलाह' मात्र हंगेरियनांनी सोडला. आज सभ्य माणूस 'रोमान' म्हणतो, 'ओलाह' म्हटलं तर कमीपणा दाखवल्यासारखं होतं. दोघांचं मूळ एक, वय साधारण सारखं. एक राहिला, एक गेला. मूळ हे कारण असू शकत नाही या तुमच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा नाही, हे मी मान्य करतो. पण गेला तो का गेला? रोमेनियन लोकांना तो नको होता, आणि बोलणाऱ्यांनी ते ऐकलं, म्हणून.

माळरान

बोलण्यातून गेला, हे खरं. आडनावांतून गेला नाही. हंगेरीत ओलाह आडनावाची घरं कितीतरी आहेत. १९९४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉर्ज ओलाह यांना. स्कॉटलंडमध्ये वॉलेस, आयर्लंडमध्ये वॉल्श, ग्रीसमध्ये व्लाखोस, सगळे याच शब्दाचे. वॉल्श आडनावाचे आयरिश लोक आयरिश भाषेत ते 'ब्रान्याख' असं लिहितात, म्हणजे ब्रिटन. परक्याचंच नाव, फक्त आपल्या भाषेत. ज्यांना ते नको वाटेल त्यांनी बदलावं, ज्यांना हवं त्यांनी ठेवावं. तुमच्या कसोटीप्रमाणेही तोच न्याय निघतो ना?

तळकोकण

माणसाचं आडनाव त्याचं त्याने ठरवावं, कबूल. देशाचं नाव एकट्याने ठरवता येत नाही, त्यासाठी दुसऱ्यांनी आपली सवय मोडावी लागते. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं. उरलेल्यांना 'कम्री' हा शब्द इंग्रजीतूनच ऐकायला मिळणार. म्हणून तो इंग्रजीत यायला हवा. उद्यानांच्या पाट्यांवर ते सुरू झालं आहे.